तांबड्या पेशीचा खळगा

बेंजामिन फ्रँकलिन लंडनमध्ये क्रेव्हन स्ट्रीटवरच्या ज्या घरात वर्षानुवर्षं भाड्यानं राहिले, त्याच घरात विल्यम ह्यूसन नावाचा तरुण शरीररचनाशास्त्राचा वर्ग चालवत असे. घरमालकिणीची मुलगी ही त्याची बायको. १९९८ मध्ये त्या घराच्या तळघरात माणसांची हाडं सापडली तेव्हा फ्रँकलिन यांच्याबद्दल भलत्याच कुजबुजी सुरू झाल्या. पण ती हाडं ह्यूसनच्या विच्छेदनातली होती. शवविच्छेदन करताना झालेल्या जखमेतून विष भिनून १७७४ मध्ये हा माणूस वयाच्या चौतिसाव्या वर्षी गेला. त्याच्या आदल्या वर्षी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्याचा एक निबंध छापून आला होता. विषय होता रक्तातल्या तांबड्या कणांचा आकार.

सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या लेवेनहूकपासून सगळे त्यांना गोळे म्हणत आले होते. ह्यूसननं सांगितलं की ते गोळे नाहीत, चपट्या चकत्या आहेत. आधीच्यांना हे का दिसलं नाही, याचं उत्तरही त्याच्याकडे होतं. रक्त दाट असतं, पेशी सुट्या दिसाव्यात म्हणून ते पातळ करावं लागतं. लोक साधं पाणी घालत आणि पाण्यात ती चकती फुगून गोळाच होते. ह्यूसननं पाण्याऐवजी रक्तातलाच सीरम वापरला. मिठाचं प्रमाण वाढवलं तर त्याच चकत्या आक्रसतात, हेही त्यानं पाहिलं. म्हणजे या आकारावर आतल्या-बाहेरच्या पाण्याचा ताबा आहे, ही गोष्ट अठराव्या शतकातच हाती आली होती.

पुढे भिंगं सुधारली तशी चकतीच्या दोन्ही अंगांना मधोमध खळगा दिसू लागला. बालुशाहीला असतो तसा. कडेला जाड, मध्ये पातळ, दोन्हीकडून सारखीच. हा खळगा का, हा प्रश्न मात्र ह्यूसननंतर दोनशे वर्षं तसाच राहिला.

तसं पाहिलं तर उत्तरं बरीच मिळत होती. ऑक्सिजन पेशीच्या आत सगळीकडे लवकर पोचावा म्हणून, हे पाठ्यपुस्तकातलं उत्तर. त्यात खळग्याचा उपयोग सांगितलाय; खळगा कुठल्या जोरानं पडतो आणि टिकतो, ते नाही. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, आत कुठले खांब-तुळया नसतात. असतं ते हिमोग्लोबिनचं दाट द्रावण. पेशीचं आवरण, म्हणजे पटल, ही एक पातळ पिशवी; तिच्यात द्रव भरला तर ती गोल व्हायला हवी. पाण्याचा थेंब गोल का, हे लाप्लास आणि यंग यांनी १८०५ च्या सुमारास सांगून टाकलं होतं: पृष्ठताण पृष्ठभाग आक्रसू पाहतो, आणि ठरावीक घनफळासाठी सगळ्यात कमी पृष्ठभाग गोलाचा असतो. मग ही पेशी थेंबासारखी का वागत नाही?

काहींना वाटलं, दोन्ही बाजूंना मधोमध जोडणारं काहीतरी आत असावं. काहींनी समोरासमोरच्या दोन पटलांमध्ये लांबून लागणारं आकर्षण कल्पिलं. पटल कडेला एका जाडीचं आणि मध्ये दुसऱ्या जाडीचं असेल, असंही सुचवलं गेलं. या सगळ्यांत एक समान दोष होता. खळगा समजावून सांगायला त्यांनी खळग्याच्या जागी काहीतरी खास आधीच नेऊन ठेवलं होतं.

अडचण गणिताची नव्हतीच, असं हा इतिहास वाचताना मला वाटत राहतं. गणित पॅरिसमध्ये १८१६ मध्येच बक्षीस घेऊन बसलं होतं. पटल कशाचं आहे, हेच कुणाला ठाऊक नव्हतं.

ते कळण्याची सुरुवात प्रयोगशाळेत नाही, स्वयंपाकघरात झाली. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगमध्ये आग्नेस पॉकेल्स ही अविवाहित मुलगी आजारी आईवडिलांची शुश्रूषा करत घर सांभाळत होती. विद्यापीठात जायची सोय नव्हती. भांडी घासताना पाण्यावर पसरणाऱ्या तेलकट तवंगाकडे तिचं लक्ष गेलं. तिनं पत्र्याचं एक उथळ ताट केलं, त्यात काठोकाठ पाणी भरलं, आणि पाण्यावर आडवी पट्टी सरकवून तवंग दाबत गेलं की पृष्ठताण कसा बदलतो ते मोजलं. १८९१ च्या जानेवारीत तिनं हे सगळं पत्रानं इंग्लंडमधले भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांना कळवलं. रॅले यांनी पत्राचं भाषांतर करवून घेतलं आणि शिफारशीसह ‘नेचर’कडे धाडलं, मार्चमध्ये ते छापून आलं. पुढे अर्व्हिंग लँगम्युअर यांनी हेच ताट सुधारून घेतलं, आणि ते आजतागायत त्यांच्या नावानं ओळखलं जातं.

त्या ताटाचा सगळ्यात गाजलेला उपयोग १९२५ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडनला झाला. गॉर्टर हे बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी ग्रेंडेल यांनी माणूस, कुत्रा, मेंढी, ससा अशा अनेकांच्या तांबड्या पेशी घेतल्या, ॲसिटोन वापरून त्यांच्यातले मेद काढून घेतले आणि ते पाण्यावर एकपदरी पसरून क्षेत्रफळ मोजलं. ते पेशींच्या पृष्ठभागाच्या बरोबर दुप्पट भरलं. अर्थ उघड होता: पटल मेदरेणूंच्या दोन थरांचं आहे. पाण्याची आवड असलेली डोकी बाहेरच्या अंगांना, पाण्याला बिचकणाऱ्या शेपट्या आत, एकमेकींकडे तोंड करून.

गंमत अशी, की १९६६ मध्ये इतरांनी हिशेब तपासला तेव्हा त्यात दोन चुका निघाल्या. ॲसिटोननं सगळे मेद निघतच नाहीत. म्हणजे मेद कमी मोजले गेले. आणि पेशींचं क्षेत्रफळ त्यांनी वाळलेल्या पेशींवरून काढलं होतं, तेही कमीच आलं. दोन्ही चुका जवळजवळ सारख्याच मापाच्या, त्यामुळे भागाकार बरोबर आला. विज्ञानाच्या इतिहासात नशिबाचा वाटा किती, हे विचारणाऱ्याला मी हे उदाहरण देतो.

दरम्यान १९३२ मध्ये केनेथ कोल यांनी सागरी अर्चिनचं अंडं सोन्याच्या बारीक पट्टीखाली दाबून त्याचा ताण मोजला होता. तेल आणि पाणी यांच्या सीमेवर जो ताण असतो त्याच्या शंभराव्या हिश्श्याहूनही तो कमी निघाला. पेशी थेंबासारखी वागत नाही, कारण तिच्या पटलात थेंबाइतका ताणच नसतो.

आता त्या बक्षीस मिळवलेल्या गणितासाठी पॅरिसकडे. अर्न्स्ट क्लाडनी हा जर्मन गृहस्थ धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज ओढायचा. वाळूची नक्षी उमटायची. नेपोलियननं १८०९ मध्ये हा खेळ पाहिला आणि या नक्षीचं गणित सांगणाऱ्याला तीन हजार फ्रँकचं बक्षीस लावायला विज्ञानसंस्थेला सांगितलं. प्रश्न इतका बिकट, की पहिल्या फेरीत एकच प्रवेशिका आली. ती होती सोफी जर्मेन यांची. बाई म्हणून कुठल्याही संस्थेत प्रवेश नाही. तरुणपणी पुरुषाच्या नावानं पत्रं पाठवून त्यांनी गणित शिकून घेतलं होतं. १८११ चा पहिला प्रयत्न नापास झाला. समीकरणातली चूक परीक्षक लाग्रांज यांनी दुरुस्त केली. १८१३ मध्ये नुसतीच प्रशंसा. १८१६ च्या जानेवारीत बक्षीस मिळालं, तेही युक्तिवादातल्या त्रुटींबद्दल कुरकुर करत. समारंभाला त्या गेल्याच नाहीत. ठीकच केलं.

जर्मेन यांचं गृहीतक एका वाक्यात मावतं. पृष्ठभागाच्या कुठल्याही बिंदूवर दोन मुख्य वक्रता असतात: एका दिशेनं तो जास्तीत जास्त वळलेला असतो, तिला काटकोनातल्या दिशेनं कमीत कमी. पत्रा वाकायला जो विरोध करतो तो या दोन वक्रतांच्या बेरजेवर ठरतो. ही बेरीज नीट लक्षात ठेवा. दीडशे वर्षांनी ती एका जर्मन नियतकालिकात पुन्हा भेटणार आहे.

मधल्या काळात रक्तपेशी पोचली कॅनडात. ओंटॅरिओ प्रांतातल्या लंडन गावी, वेस्टर्न ओंटॅरिओ विद्यापीठात ॲलन बर्टन यांचा जैवभौतिकी विभाग होता. तिथे रँड आणि बर्टन यांनी १९६४ मध्ये पेशीचं पटल काचेच्या केशनळीत ओढून पाहिलं. हा प्रयोग कसा चालतो ते पाहण्यासारखं आहे. काचेची नळी तापवून इतकी ताणायची, की टोकाचं भोक एक-दोन मायक्रॉनचं उरावं. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. नळीचं दुसरं टोक पाण्याच्या भांड्याला जोडलेलं. भांडं अंशभर खाली केलं, की नळीच्या तोंडाशी हलकं शोषण लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी त्या तोंडाशी आणायची. पटलाची एक जीभ आत ओढली जाते. तिची लांबी आणि पाण्याची पातळी, एवढंच मोजायचं. पुढे इव्हान इव्हान्स यांनी या नळीला इतकं वश केलं, की पटलाचे बहुतेक सगळे गुणधर्म तिच्यातून निघाले.

जे निघालं ते असं. पटलाचं क्षेत्रफळ वाढवायचा प्रयत्न करा. ते जबरदस्त विरोध करतं आणि दोन-चार टक्के ताणलं की फाटतं. पण क्षेत्रफळ तेवढंच ठेवून त्याला नुसतं तिरपं करा, लांबट करा. विरोध जवळपास नाहीच. दोन्ही विरोधांत पन्नास हजार ते एक लाख पटींचा फरक. कारण मेदरेणू आपल्या थरात मोकळे वाहत असतात. पटल हा दोन मितींचा द्रव आहे. जो किरकोळ विरोध उरतो तो आतल्या बाजूला चिकटलेल्या स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाच्या जाळीचा.

बर्टन यांचेच विद्यार्थी पीटर कॅनहॅम. दोघांनी १९६८ मध्ये कडेवर उभ्या लटकणाऱ्या पेशींचे फोटो काढून शेकडो पेशींची मापं घेतली. पेशीपाशी घनफळाच्या मानानं पृष्ठभाग बराच जास्त असतो, हे त्यातून पक्कं झालं. हिशेब कुणालाही करता येतो. इव्हान्स आणि युआन-चेंग फंग यांची १९७२ ची मापं घेऊ, ती जास्त काटेकोर आहेत: व्यास ७.८ मायक्रॉन, कडेची जाडी २.६, मधली ०.८, घनफळ ९४ घनमायक्रॉन, पृष्ठभाग १३५ चौरस मायक्रॉन. ९४ घनमायक्रॉनच्या गोलाला लागतात फक्त १०० चौरस मायक्रॉन. म्हणजे सुमारे ३५ चौरस मायक्रॉन कापड जादा. त्याच्याच जोरावर ही पेशी आपल्या व्यासाच्या निम्म्याहून अरुंद केशवाहिनीतून आणि प्लीहेतल्या फटींमधून निघते. गोळा झालेली पेशी तिथे अडकते. आनुवंशिक कारणानं ज्यांच्या पेशी गोल होतात त्यांची प्लीहा त्या पेशी मोडत बसते आणि रक्त कमी पडतं.

(फंग यांच्याबद्दल एक ओळ: हा माणूस विमानांचे पंख वाऱ्यात का फडफडतात याचा तज्ज्ञ होता. १९६६ मध्ये कॅल्टेक सोडून सान दिएगोला गेला आणि उरलेलं आयुष्य रक्त, रक्तवाहिन्या, फुप्फुसं यांच्या यांत्रिकीला दिलं.)

कॅनहॅम यांनी १९७० मध्ये प्रश्न उलटा केला. आत काय आहे, पटल कुठे जाड आहे, हे सोडून द्या. पटल सगळीकडे सारखं धरा. क्षेत्रफळ ठरलेलं, कारण ते ताणत नाही. घनफळ ठरलेलं, कारण पाणी आणि क्षार यांचा तोल ते ठरवतो. मग खर्च उरतो तो फक्त वाकण्याचा. ठरावीक कापडात ठरावीक द्रव भरून कमीत कमी वाकण्यात काम भागवायचं, तर कुठला आकार येईल? त्यांनी कॅसिनीच्या अंडाकृती वक्रांसारखे वक्र अक्षाभोवती फिरवून आकारांचं एक घराणं तयार केलं आणि प्रत्येकाची वाकण्याची ऊर्जा काढली. सगळ्यात स्वस्त आकाराला दोन्हीकडून खळगा होता.

खळग्याच्या जागी खास काही ठेवावं लागलं नाही. हे त्या निबंधाचं मोठेपण, आणि माझ्या मते त्याचं श्रेय कॅनहॅम यांना पुरेसं मिळालेलं नाही. त्यांच्या निबंधाला मर्यादा होती हेही खरं: स्पर्धा त्यांनी स्वतः निवडलेल्या घराण्यातच लावली होती. लांबट आकाराला प्रवेशच नव्हता.

याच सुमारास हा प्रश्न तिसऱ्याच दारानं एका माणसाकडे चालत आला. वोल्फगांग हेलफ्रिश हे म्युनिकचे भौतिकशास्त्रज्ञ अमेरिकेत प्रिन्स्टनला आरसीए कंपनीत द्रवस्फटिकांवर काम करत होते. द्रवस्फटिक म्हणजे वाहतो द्रवासारखा, पण रेणू सगळे एका दिशेला तोंड करून राहतात. काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये या रेणूंना काटकोनात पीळ द्यायचा आणि विजेनं तो सोडवायचा, म्हणजे प्रकाश अडवता-सोडता येईल, अशी कल्पना त्यांनी तिथे मांडली. कंपनीला रस वाटला नाही. १९७० मध्ये ते स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला हॉफमान-ला रोश या औषध कंपनीत गेले. तिथे मार्टिन शाड्ट यांच्यासोबत काही आठवड्यांत ती कल्पना उतरली आणि डिसेंबरात पेटंटचा अर्ज गेला. पुढच्या काळात ज्या घड्याळांनी आणि कॅल्क्युलेटरांनी आपल्याकडची दुकानं भरली, त्यांचे काळे आकडे याच पिळातून उमटत होते.

द्रवस्फटिकाला वळवायला किती ऊर्जा लागते याचा सिद्धान्त ब्रिस्टलच्या फ्रँक यांनी १९५८ मध्ये लिहून ठेवला होता. हेलफ्रिश यांना दिसलं, की मेदरेणूंचा दुपदरी थर म्हणजे एकच थर जाडीचा द्रवस्फटिकच आहे. फ्रँक यांच्या हिशेबातल्या विकृतींपैकी इथे एकच उरते: रेणूंची टोकं पंख्यासारखी फाकणं. आणि रेणू फाकले म्हणजे पृष्ठभाग वळला. १९७३ मध्ये ‘त्साइटश्रिफ्ट फ्यूर नाटुरफोर्शुंग’ या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्याच वर्षी ते बर्लिनच्या फ्री युनिव्हर्सिटीत प्राध्यापक झाले. शीर्षकातच लिहिलं होतं, की हा सिद्धान्त आहे आणि त्यासोबत करून पाहण्याजोगे प्रयोग आहेत.

सूत्र असं: दोन मुख्य वक्रतांची बेरीज घ्या, तीतून पटलाची स्वाभाविक वक्रता वजा करा, वर्ग करा, वाकण्याच्या कठीणपणाच्या निम्म्यानं गुणा. त्यात दोन वक्रतांच्या गुणाकाराचं एक पद मिळवा. सगळ्या पृष्ठभागावर बेरीज करा. शेवटचं पद आकार बदलताना फरक पाडत नाही. पटल फुटलं, जुळलं किंवा आरपार भोक पडलं तरच ते बदलतं, हे गाउसच्या काळापासून माहीत आहे. उरते ती जर्मेन यांची बेरीज. नवी भर स्वाभाविक वक्रतेची. पटलाचे दोन पदर सारखे नसतील, आत-बाहेर वेगळे रेणू असतील, तर पटलाला मुळातच एका बाजूला कलायचं असतं. ती ओढ किती, ते हा आकडा सांगतो. इव्हान्स यांनीही स्वतंत्रपणे १९७४ मध्ये जवळपास हेच मांडलं.

या सूत्राची एक खोड पहिल्यांदा कळली तेव्हा मी कागदावर पुन्हा करून पाहिली होती. स्वाभाविक वक्रता शून्य असेल तर गोलाची वाकण्याची ऊर्जा त्याच्या त्रिज्येवर अवलंबून नसते. गोल लहान केला की वक्रतेचा वर्ग ज्या पटीत वाढतो त्याच पटीत क्षेत्रफळ घटतं. पटलाचा कणभर फुगा, म्हणजे पुटिका, असो की आख्खी पेशी, खर्च तोच. म्हणून आकार ठरवताना माप महत्त्वाचं नसतं. महत्त्वाचं असतं ते एक गुणोत्तर. पेशीचं घनफळ आणि तेवढ्याच कापडाच्या गोलाचं घनफळ यांचा भागाकार. इव्हान्स-फंग यांच्या आकड्यांनी तो ०.६४ येतो.

डॉयलिंग आणि हेलफ्रिश यांनी १९७६ मध्ये सूत्रातून निघणाऱ्या आकारांची एक जंत्रीच प्रसिद्ध केली, आणि तांबड्या पेशीची मोजलेली कड सूत्रातून काढलेल्या कडेवर ठेवून दाखवली. जुळण्यासाठी स्वाभाविक वक्रता ऋण घ्यावी लागली. मग १९९१ मध्ये झायफर्ट, बर्न्डल आणि लिपोव्स्की यांनी सगळ्या आकारांचा नकाशा काढला. स्वाभाविक वक्रता शून्य धरली, तर गुणोत्तर ०.६५ च्या वर असताना लांबट आकार स्वस्त पडतो, ०.५९ च्या खाली वाटीसारखा. दोन्हीकडून खळगा पडलेली चकती मधल्या चिंचोळ्या पट्टीतच जिंकते. ०.६४ त्या पट्टीत बसतं. पण उड्या मारण्याआधी हेही पाहावं: कॅनहॅम आणि बर्टन यांच्या मापांत घनफळ १०७ आणि पृष्ठभाग १३८ होता, त्यानं गुणोत्तर ०.७० होतं, आणि मग नुसत्या वाकण्याच्या हिशेबानं पेशी लांबट व्हायला हवी. मोजमापातला दहा-बारा टक्क्यांचा फरक असा पेशीचा आकारच बदलून टाकतो. त्यामुळे नुसत्या वाकण्यावर सगळं सुटलं असं म्हणायला पुढच्या लोकांनी नकार दिला, ते योग्यच झालं.

गणितज्ञांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. इंग्लंडमध्ये थॉमस विल्मोर यांनी १९६५ मध्ये, पेशीचा विचारही न करता, हीच वक्रतेच्या वर्गाची बेरीज घेतली आणि विचारलं: आरपार एक भोक असलेल्या पृष्ठभागासाठी ती कमीत कमी किती? त्यांचा अंदाज होता, की जिच्या दोन त्रिज्यांचं गुणोत्तर दोनचं वर्गमूळ आहे ती वलयाकृती सगळ्यात स्वस्त. बर्लिनला हेलफ्रिश यांच्याकडे काम केलेले चिनी भौतिकशास्त्रज्ञ औयांग चोंगत्सान यांनी १९९० मध्ये पटलाच्या समीकरणातून तेच गुणोत्तर काढलं. १९९१ मध्ये मुट्झ आणि बेन्सिमों यांना खरोखरच्या मेदपुटिकांत अशी वलयं दिसली. सिद्धता यायला मात्र २०१२ उजाडलं. ती ब्राझीलचे मार्केस आणि पोर्तुगालचे नेव्हेस यांनी दिली. पुटिकांनी एकवीस वर्षं आधीच मत दिलं होतं, अर्थात गणितात ते मोजलं जात नाही.

रक्ताकडे परत येऊ. पॅरिसचे रक्तशास्त्रज्ञ मार्सेल बेसिस यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशींचे नाना अवतार टिपून त्यांना नावं दिली होती. एका टोकाला वाटीसारख्या पेशी, मध्ये नेहमीची चकती, दुसऱ्या टोकाला काटेरी गोळे. औषधाचा एक थेंब, आम्लतेत जरासा फरक, आणि पेशी या रांगेत मागेपुढे सरकते. मनोविकारांवर दिलं जाणारं क्लोरप्रोमाझिन तिची वाटी करतं. काही दुसरी द्रव्यं तिला काटे फोडतात. १९७४ मध्ये सान दिएगोच्या शीट्झ आणि सिंगर यांनी यामागचं कारण सुचवलं. आतल्या पदरात ऋणभारित मेद जास्त असतात. धनभारित औषध आतल्या पदरात शिरून तो पसरवतं, म्हणून पटल आत वळतं. ऋणभारित औषध बाहेरच्याच पदरात अडकतं, तो पसरतो, आणि काटे येतात. दोन पदर पाठीला पाठ लावून बांधलेले; एकाचं क्षेत्रफळ किंचित वाढलं की दोघांना वळावंच लागतं. किंचित म्हणजे किती? पेशी चार-एक मायक्रॉन त्रिज्येची आणि पटल काही नॅनोमीटर जाडीचं, म्हणून एखाद्या टक्क्याच्या आसपासची उलाढालही पुरते. स्लोव्हेनियातल्या ल्युब्लियाना इथे स्वेतिना आणि झेक्श यांनी याचं गणित बांधलं, आणि १९९० नंतर ते हेलफ्रिश यांच्या सूत्रात मिसळून गेलं.

तरी काटे येईनात. नुसत्या द्रव पटलाला काटे काढायचे झाले तर ते काटा न ठेवता कळीसारखी पुटिका तोडून मोकळं होतं. इथे ती स्पेक्ट्रिनची जाळी लागते. ती ताणायला विरोध करते आणि पटल कळी करू पाहतं तिथे त्याला आवरून धरते. २००२ मध्ये कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात जेराल्ड लिम, मायकेल वॉर्टिस आणि रंजन मुखोपाध्याय यांनी वाकण्याची ऊर्जा, दोन पदरांतला फरक आणि जाळीची स्थितिस्थापकता, तिन्ही एकत्र घालून संगणकावर पेशी तयार केली. मग एकच आकडा हळूहळू बदलत नेला: दोन पदरांच्या क्षेत्रफळांतला फरक. वाटी, चकती, काटेरी गोळा, बेसिस यांची आख्खी रांग ओळीनं बाहेर पडली.

पेशी सूक्ष्मदर्शकाखाली स्थिर नसते. तिच्या पृष्ठभागावर लुकलुकल्यासारखं काहीतरी चालतं, हे १८९० मध्ये ब्रोविच यांनी नोंदवलं होतं. फ्रान्समध्ये ब्रोशार आणि लेनन यांनी १९७५ मध्ये त्याचा उलगडा हेलफ्रिश यांच्या सूत्रातूनच केला. पटलाला वाकायला लागणारी ऊर्जा ही रेणूंच्या उष्णतेतल्या धडपडीच्या चाळीस-एक पट, म्हणजे तशी थोडीच. त्यामुळे आजूबाजूच्या पाण्याचे धक्केच त्याला हलवत ठेवतात. लुकलुक मोजून मग पटलाचा कठीणपणा काढता येऊ लागला. पण पटलात पंप असतात, ऊर्जा खर्चून काम करणारी प्रथिनं असतात. ती हलवत नसतील कशावरून? अशा ‘कामात गुंतलेल्या’ पटलाची समीकरणं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले श्रीराम रामस्वामी यांनी टोनर आणि प्रोस्त यांच्यासह २००० मध्ये लिहिली. २०१६ मध्ये युरोपातल्या एका गटानं पेशीच्या कडेला चिकटवलेले मणी प्रकाशाच्या चिमट्यानं धरून एकीकडे तिची लुकलुक आणि दुसरीकडे ढोसल्यावरचा प्रतिसाद मोजला. निव्वळ उष्णतेचा खेळ असता तर या दोन मापांत ठरलेलं नातं दिसलं असतं. संथ हालचालींत ते मोडलेलं दिसलं.

आणि खळग्याची जागा? सगळ्या गणितानं ती मोकळी ठेवली होती: पटल सगळीकडे सारखं, म्हणजे खळगा कुठेही पडू शकतो. वाहत्या द्रवात तांबडी पेशी तिरपी राहते आणि तिचं पटल रणगाड्याच्या पट्ट्यासारखं तिच्याभोवती फिरत राहतं, हे १९७८ पासून माहीत होतं. आखेनच्या थॉमस फिशर यांनी २००४ मध्ये पटलावर बारीक मणी चिकटवले, प्रवाहात ते फिरवत ठेवले आणि प्रवाह बंद केला. खळग्यातला मणी खळग्यात आला, कडेचा कडेला. म्हणजे जाळीला आपली जागा आठवते. ती सगळीकडे एकसारखी तणावमुक्त नसते. मग तणाव नसताना जाळीचा आपला आकार कोणता? लिम आणि मंडळींनी आपल्या हिशेबात तो जरासा चपटा गोल धरला होता, गुणोत्तर ०.९५. पूर्ण चकती धरली तर काटे नीट येत नाहीत, पूर्ण गोल धरला तर फिशर यांचे मणी परत येण्याचं कारण उरत नाही. या आकड्यावर अजून संगणकांची हुज्जत चालू आहे; जाळी पटलापासून सोडवून मोजावी तर ती सोडवण्यातच तिचा आकार बदलतो.